तापातली ८६ मिनिटे : आजारपणात पाहिलेला 'तोनारी नो तोतोरो'

शेवंती
रविवार, सायंकाळी ५.२०

गेला पंधरवडा मी डेंग्यूने अंथरुणावर काढला. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली नाही. पॅरासिटॅमॉल, शहाळी, मीठ-साखरेचे पाणी आणि एक दिवसाआड रक्ताची तपासणी एवढ्यावर घरीच निभावले. या दुखण्याला हाडमोड्या ताप का म्हणतात हे तिसऱ्या दिवशी समजले, परंतु मला हाडांपेक्षा डोळ्यांनी अधिक छळले. बुबुळ जरा इकडचे तिकडे झाले, की खोबणीच्या मागून ठणका उठत असे. पुस्तक दोन ओळींपलीकडे जाईना, मोबाइलचा उजेड सोसेना, आणि जेवणानंतरचे तीन-चार तास पंख्याची पाती मोजण्यात जाऊ लागले. ती तीनच असल्यामुळे तेही काम लवकर संपे.

पाचव्या दिवशी ताप थोडा खाली आल्यावर मुलीने गादी बाहेरच्या खोलीत आणून टाकली, पडदे ओढून घेतले, टीव्हीचा उजेड मंद केला आणि हायाओ मियाझाकी यांचा १९८८ चा 'तोनारी नो तोतोरो' लावला. इंग्रजीत तो 'माय नेबर तोतोरो' म्हणून ओळखला जातो. 'तोनारी' म्हणजे शेजारी. "यात वाचायला फारसे नाही, तू नुसती बघ," एवढेच ती म्हणाली. चित्रपट ८६ मिनिटांचा आहे आणि तेवढ्या वेळात मी दोनदाच डोळे मिटले.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९५० च्या दशकातले जपानमधले खेडे आहे. सात्सुकी आणि चार वर्षांची मेई या बहिणी वडिलांबरोबर तिथल्या एका जुनाट घरात राहायला येतात, कारण त्यांची आई जवळच्या टेकडीवरील रुग्णालयात आहे. घरामागे कापराचे अवाढव्य झाड आहे आणि त्याच्या पोटात तोतोरो नावाचा केसाळ, जांभया देणारा वनदेव राहतो. चित्रपटात खलनायक नाही, पाठलाग नाही. मुली धावतात, ओरडतात, घाबरतात, पुन्हा हसतात आणि आईची वाट पाहतात.

हा चित्रपट मी यापूर्वी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा त्या मुलींच्या बाजूने पाहिला होता. या खेपेला मी तो आईच्या खाटेवरून पाहिला. आई पडद्यावर अगदी थोडा वेळ दिसते. मुली सायकलवरून भेटायला येतात तेव्हा ती सात्सुकीचे केस विंचरते. अंथरुणात बसल्या बसल्या जे एक काम तिला करता येण्यासारखे आहे, ते ती करते. पूर्वी हा प्रसंग गोड वाटून निघून गेला होता. या वेळी माझे लक्ष तिच्या हाताकडे होते, कारण तेव्हा माझ्या हातात तांब्या उचलण्याचेही बळ नव्हते.

शेवटी मुली रुग्णालयाबाहेरच्या पाइनच्या फांदीवर बसून खिडकीतून आई-वडिलांना पाहतात. तिथे डोळे इतके दुखू लागले, की मी ते मिटून घेतले. आई-वडील काय बोलतात ते त्यामुळे वाचायचे राहिले. त्यांचे आवाज ऐकू आले आणि ते हसत आहेत एवढे समजले.

आता विचारायचे ते असे. आजारपणात परदेशी चित्रपट पाहून खरोखर बरे वाटल्याचा अनुभव इथे कोणाला आहे का? आणि ज्या चित्रपटात आजारपणच आहे, तो आजाऱ्याने पाहावा की टाळावा?

खारीचा_वाटा
रविवार, सायंकाळी ६.०५

आधी प्लेटलेट किती आहेत ते सांगा. चित्रपटाचे नंतर पाहू. डेंग्यूत ताप उतरला म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि नेमके तेच एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून काढायचे असतात. पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा कमालीची ग्लानी यांपैकी काही दिसले, तर दूरचित्रवाणी बंद करून थेट डॉक्टरांकडे जावे.

शेवंती
रविवार, सायंकाळी ६.१५

काळजीबद्दल आभार. सर्वांत खाली ५८ हजारांपर्यंत गेल्या होत्या, आज सकाळी १ लाख १२ हजार आहेत. डॉक्टरांनी ही सगळी लक्षणे एका कागदावर लिहून दिली होती आणि तो कागद मुलीने फ्रिजवर चिकटवला आहे. आता चित्रपटाचे बोला.

उंबरठा
रविवार, रात्री ८.४०

मला हा चित्रपट तापात आठवतो तो काकडीसाठी. शेजारच्या आजीच्या शेतात मुली भाज्या तोडतात, त्या वाहत्या गार पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग सात्सुकी काकडीचा करकरीत घास घेते. तोंडाला चव नसते, मेतकूट-भातही गवतासारखा लागतो, अशा दिवशी तो आवाज ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटले होते. मला त्या वेळी कावीळ झालेली होती, म्हणजे तळलेले, तिखट आणि तेलकट सर्व वर्ज्य होते. काकडी मात्र चालणार होती, ती मी लगेच मागून घेतली.

तिथेच आजी म्हणते, की माझ्या शेतातले हे खाल्ले की तुमची आई बरी होईल. मेईने हे अगदी शब्दशः घेतले, म्हणून पुढे मक्याचे कणीस छातीशी धरून ती एकटी रुग्णालयाच्या वाटेला लागते. मोठ्यांनी धीर देण्यासाठी सहज बोललेले वाक्य लहान मूल औषधाच्या चिठ्ठीसारखे जपते, हे मियाझाकींनी किती अचूक पकडले आहे.

दुसरा प्रसंग अर्थातच बसथांब्याचा. पाऊस, अंधार, पाठीवर झोपलेली मेई आणि शेजारी डोक्यावर पान ठेवून उभा असलेला तोतोरो. तिथे जवळजवळ कोणी बोलतच नाही. छत्रीवर थेंब पडतात, तो आवाज तोतोरोला आवडतो आणि आणखी थेंब पडावेत म्हणून तो उडी मारून झाडांना हादरा देतो. आजाऱ्याला घटना नको असतात, पण खोलीत काहीतरी हलते-बोलते असावे असे वाटत असते. त्या प्रसंगात नेमके तेवढेच आहे.

अण्णा_तिसरा_मजला
रविवार, रात्री ९.३०

माझे मत वेगळे आहे आणि ते मी अनुभवाने सांगतो, कारण सध्या माझा डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये आहे. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून पाच आठवडे मी तिसऱ्या मजल्यावरच आहे. आजाऱ्याला सांत्वनाची गरज असते हा निरोग्यांचा गैरसमज आहे. आजाऱ्याला उद्योग हवा असतो. त्यामुळे मी पाहिला तो आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९५४ चा 'रिअर विंडो'.

त्यातला नायक छायाचित्रकार आहे. मोटारींच्या शर्यतीचे छायाचित्र घेताना पाय मोडून तो न्यूयॉर्कमधल्या आपल्या खोलीत चाकाच्या खुर्चीवर अडकला आहे. उन्हाळा इतका, की आरंभीच तापमापकाचा पारा ९४ फॅरनहाइटवर दाखवला आहे. समोरच्या चौकातल्या उघड्या खिडक्यांतून लोकांचे संसार पाहत राहणे एवढाच त्याला विरंगुळा आहे, आणि त्यातून त्याला संशय येतो, की एका खिडकीतल्या माणसाने बायकोचा खून केला असावा. हा सबंध चौक, ३१ बिऱ्हाडांसह, हॉलिवूडमधल्या पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेला होता, यावर तो पाहताना विश्वास बसत नाही. मी स्वतः चाळीत वाढलो आहे. कोणाच्या घरी कोणती भाजी शिजते आहे हे कॉमन गॅलरीत पाय ठेवताच कळण्याचे ते दिवस असल्यामुळे मला तो चौक मुळीच परका वाटला नाही.

परंतु मला जिंकले ते एका लहानशा गोष्टीने. प्लास्टरच्या आत खाज सुटते तेव्हा तो एक लांब काठी आत सारून खाजवतो आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरते, ते पाहून मी टाळ्या वाजवल्या. (डॉक्टर म्हणतात असे करू नये, आत जखम झाली तर बाहेर कळत नाही. मी विणकामाची सुई परत केली आहे.) त्याची शुश्रूषा करायला येणारी स्टेला ही परिचारिका तर तोंडात तापमापक कोंबून उपदेश ऐकवते, म्हणजे रोग्याला उत्तर देण्याची सोयच नाही. आमच्या घरी हे काम तापमापकाशिवाय चालते.

एक सावधगिरीची सूचना. ज्या बायकोचा खून झाल्याचा संशय आहे, तीही आजारी असून अंथरुणातून नवऱ्याशी सतत कटकट करते असे दाखवले आहे. तुमची सेवा करणाऱ्या माणसाबरोबर हा चित्रपट पाहू नये.

शेवंती
रविवार, रात्री १०.१०

अण्णा, हसताना बरगड्या दुखल्या, पण तक्रार नाही. तुमचे म्हणणे मला निम्मे पटते. पाय मोडलेला माणूस आणि ताप आलेला माणूस हे दोन वेगळे प्राणी आहेत. तुमचे डोके ताजेतवाने आहे आणि शरीर बांधलेले आहे, म्हणून तुम्हाला संशय घ्यायला जागा हवी. ताप चढलेल्या माणसाला 'त्याने ती पेटी रात्री का बाहेर नेली' हे लक्षात ठेवणेसुद्धा जड जाते. मला असा चित्रपट हवा होता, की मधेच दहा मिनिटे ग्लानी आली आणि पुन्हा डोळे उघडले, तरी काही चुकले असे वाटू नये.

तळटीप
रविवार, रात्री ११.५०

मी काही वर्षे सबटायटल लिहिण्याचे काम केले आहे, म्हणून डोळ्यांच्या दुखण्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. सबटायटल सहसा दोन ओळींपेक्षा मोठे करत नाहीत. इंग्रजीत एका ओळीत साधारण ४० ते ४२ अक्षरे बसवतात आणि ते पडद्यावर सहा-सात सेकंदांपेक्षा अधिक ठेवत नाहीत. याचा अर्थ असा, की बडबड्या चित्रपटात प्रेक्षकाची नजर काही सेकंदांना एकदा खाली उतरते आणि पुन्हा चेहऱ्याकडे चढते. निरोगी माणसाला याची जाणीवही होत नाही. शेवंतीताईंना मात्र त्या प्रत्येक उतर-चढीला ठणका बसला असणार. अशा वेळी पडद्यापासून दूर बसावे, म्हणजे नजरेचा प्रवास लहान होतो. सबटायटलचा आकार वाढवण्याची सोय असेल, तर तीही वापरावी.

डब केलेली आवृत्ती हा सोपा मार्ग वाटेल. मला तो आजारपणात विशेष पटत नाही आणि त्याचे कारण व्यवसायाचा अभिमान हे नाही. समजणारी भाषा कानावर पडली, की मन कामाला लागते. प्रत्येक वाक्याचा अर्थ लावल्याशिवाय ते गप्प बसत नाही. न समजणारी भाषा मात्र भिंतीपलीकडच्या बोलण्यासारखी असते. लहानपणी तापात पडलेले असताना माजघरातून मोठ्यांचे बोलणे ऐकू यायचे, शब्द कळायचे नाहीत, पण घर चालू आहे एवढा दिलासा त्यातून मिळायचा. जपानी चित्रपट डोळे मिटून ऐकताना मला तसेच वाटते. सात्सुकी काय म्हणते ते कळले नाही तरी ती रागावली आहे की रडवेली झाली आहे, हे आवाजातून कळतेच.

मात्र तुम्ही डोळे मिटलेत ती जागा चुकली, हे मला आज ना उद्या सांगावे लागेल. उद्या सांगतो, आज बारा वाजले.

पूर्वेचा_वारा
सोमवार, सकाळी ७.१५

मी तोक्योच्या पूर्वेला राहतो. या चित्रपटाचा परिसर माझ्या घरापासून रेल्वेने गाठता येतो, म्हणून थोडी भर घालतो. सायतामा प्रांतातील तोकोरोझावा शहर आणि त्याला लागून असलेल्या सायामा टेकड्या मियाझाकींच्या डोळ्यांसमोर होत्या. ते स्वतः तोकोरोझावाचे रहिवासी. घरे बांधण्यासाठी तिथले रान तुटू लागले तेव्हा लोकवर्गणीतून जमिनीचे तुकडे विकत घेऊन ते राखण्याची चळवळ १९९० मध्ये सुरू झाली आणि तिने तोतोरोचेच नाव घेतले. राखलेल्या त्या तुकड्यांना आज क्रमांक दिलेले आहेत : तोतोरोचे वन क्रमांक १, क्रमांक २ याप्रमाणे.

चित्रपटातल्या रुग्णालयाचे नाव शिचिकोकुयामा आहे, म्हणजे 'सात प्रांतांची टेकडी'. प्रत्यक्षात त्या भागात हाचिकोकुयामा, 'आठ प्रांतांची टेकडी', आहे. जुन्या काळी तिच्यावरून आठ प्रांत दिसत असत असे म्हणतात. तिच्या पायथ्याशी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. चित्रपटात आईच्या रोगाचे नाव कोणी उच्चारत नाही. पण जपानी प्रेक्षकाला ते सांगावे लागत नाही, कारण १९५० पर्यंत क्षय हे या देशातील मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण होते. मियाझाकींच्या आईलाही मणक्याचा क्षय झाला होता आणि त्यांचे बालपण ती अंथरुणावर असतानाच गेले. चित्रपटात दोन मुलगे असते तर आपल्याला तो करणे फार वेदनादायक झाले असते, अशा आशयाचे त्यांनी बोलून दाखवले आहे.

मुलींच्या नावांतही गंमत आहे. सात्सुकी हे पाचव्या महिन्याचे जुने जपानी नाव आणि मेई हे इंग्रजी 'मे'. मुळात कथेत एकच मुलगी होती, तिच्या पुढे दोन झाल्या.

जाता जाता आजाऱ्यांसाठी एक माहिती : इथे ताप आला की 'ओकायु', म्हणजे भरपूर पाण्यात शिजवलेला भात, आणि त्यावर खारवलेले आंबट उमेबोशी देतात. पहिल्यांदा खाल्ले तेव्हा आईच्या हातचा मऊभात आणि लिंबाचे मुरलेले लोणचे आठवून डोळे भरून आले होते, आणि शेजारीणबाईंना वाटले, की मला ते आवडले नाही.

गोधडी
सोमवार, सकाळी १०.३०

मी ७४ वर्षांची आहे. हा चित्रपट नातवाने दाखवला, तेव्हा मला खोकल्याने महिनाभर धरले होते. तुम्ही सर्वांनी तोतोरोविषयी लिहिले आहे, मी तारेविषयी लिहिते.

रुग्णालयाची तार येते तेव्हा वडील घरी नसतात. शेजारचा मुलगा ती सात्सुकीच्या हाती देतो. तारेत फक्त रुग्णालयाशी संपर्क साधा एवढेच आहे, कारण काहीच नाही. ती पोर धावत दुसऱ्याच्या घरी जाते, वडिलांच्या विद्यापीठात फोन लावून मागते आणि मग फोनशेजारी उभी राहून त्यांच्या उलट फोनची वाट पाहते. नातवाला या प्रसंगात फार काही दिसले नाही. माझ्या मात्र छातीत धडधडू लागले. आमच्या वेळी दारात तारवाला दिसला, की घरातल्या बायका कागद उघडण्याआधीच रडू लागत. मुलगा झाल्याची, नोकरी लागल्याची तार येत असे, नाही असे नाही, परंतु 'तार आली' या दोन शब्दांना पहिला अर्थ मरणाचाच होता. आपल्याकडे २०१३ च्या जुलैत तार बंद झाली आणि ती भीती समजणारी माणसेही आता थोडी राहिली.

माझी आत्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस मिरजेजवळ वानलेसवाडीच्या आरोग्यधामात होती. आम्हा मुलांना आत नेत नसत. आम्ही बाहेरच्या झाडाखाली उभे राहायचो आणि आत्या व्हरांड्यात येऊन हात हलवायची. म्हणून त्या मुली जेव्हा फांदीवर बसून आईला लांबून पाहतात आणि जवळ जात नाहीत, तेव्हा नातवाने विचारले, की त्या आत का जात नाहीत. मला ते विचारावेसे वाटले नाही. लांबून पाहणे हीच आमची भेट होती.

आत्या बरी होऊन आली, हेही सांगायला हवे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलेले होते आणि नंतरची औषधेही आपल्याकडे पोचली होती. पुढे १९५९ मध्ये मद्रासच्या प्रयोगातून असे सिद्ध झाले, की घरी राहून औषधे घेणारा क्षयरोगी आरोग्यधामातल्या रोग्याइतकाच बरा होतो. हे दोन वर्षे आधी कळते, तर आत्याने ते दिवस आमच्यात काढले असते.

उंबरठा
सोमवार, सकाळी ११.००

गोधडीआजी, तुमचा प्रतिसाद वाचून तो प्रसंग पुन्हा पाहावा लागणार. मी त्यात फक्त जुना फोन पाहिला होता.

खारीचा_वाटा
सोमवार, दुपारी १.४५

या चित्रपटाने भारावून जाऊन कोणी आजारपणात त्याच स्टुडिओचा पुढचा चित्रपट शोधायला निघेल, म्हणून इशारा देतो. १६ एप्रिल १९८८ रोजी जपानी चित्रपटगृहांत 'तोतोरो'च्या जोडीला इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवला गेला होता. एकाच तिकिटात दोन्ही. तो १९४५ मधल्या कोबे शहरातला आहे, त्यात दोन अनाथ भावंडे आहेत आणि धाकटी बहीण उपासमारीने खंगत जाते. चित्रपट म्हणून तो थोर आहे. मी तो मलेरियातून उठताना, थंडी भरून येण्याच्या दोन पाळ्यांच्या मधल्या दिवशी पाहिला. दुसऱ्या पाळीत मी काय काय बरळलो ते घरचे अजून ऐकवतात. पहिल्या पोस्टमधला 'पाहावा की टाळावा' हा प्रश्न मला इथे सुटलेला दिसतो : आजार चालेल, पण त्या चित्रपटात कोणीतरी स्वयंपाक करणारे हवे. 'तोतोरो'त सात्सुकी सकाळी उठून डबे भरते. दुसऱ्या चित्रपटात भावंडांना शिजवून घालणारे कोणी उरत नाही.

अण्णा_तिसरा_मजला
सोमवार, दुपारी ३.३०

आज सकाळी हट्टाने 'तोतोरो' पाहिला. माझी हरकत कायम आहे : आईला एकूण चार-पाच मिनिटे मिळतात, आणि रोगी म्हणून मी ते मनाला लावून घेतले आहे. मात्र एक कबूल करतो. आईचे येणे लांबले हे कळल्यावर मेई हट्टाला पेटते आणि सात्सुकी तिच्यावर ओरडते, की आई मेली तरी तुला चालेल का. आणि थोड्याच वेळाने तीच आजीसमोर कोसळून रडते. मी अंथरुणावर असल्यापासून आमच्या घरातली धाकटी भांडते आहे आणि थोरला फारच शहाण्यासारखा वागतो आहे. मला काळजी धाकटीची वाटत होती. आता थोरल्याची वाटते.

तळटीप
सोमवार, सायंकाळी ६.२०

काल अर्धवट सोडलेले पुरे करतो. खिडकीच्या प्रसंगात आई वडिलांची क्षमा मागते. साधी सर्दी झाली होती, तेवढ्यासाठी रुग्णालयाने तार पाठवली, मुलींच्या जिवाला उगीच घोर लागला असेल, असे ती म्हणते. बरी होऊन घरी गेले की त्यांना भरपूर हट्ट करू देईन, असेही म्हणते. मग ती बाहेर पाहते आणि म्हणते, की आत्ता त्या पाइनच्या झाडावर सात्सुकी आणि मेई हसताना दिसल्यासारखे वाटले. वडिलांना खिडकीच्या कट्ट्यावर मक्याचे कणीस सापडते. त्याच्या सालीवर मेईने 'ओकासान ए', म्हणजे 'आईला', असे कोरलेले असते.

सबटायटल लिहिणाऱ्याच्या दृष्टीने यातले पहिले वाक्य अवघड आहे. जपानी माणूस क्षमा इतक्या वेळा मागतो, की भाषांतर करताना निम्म्या वेळा ती गाळावी लागते. इथे ती गाळली तर प्रसंगच मरतो.

शेवंती
मंगळवार, सकाळी ११.४०

काल रात्री शेवटची दहा मिनिटे पुन्हा पाहिली. डोळ्यांचा ठणका गेला आहे, वाचता आले. मुलगी शेजारी बसली होती.

ताप होता तेव्हा रात्री ती दर दोन तासांनी उठून पाणी द्यायची, कपाळावरची घडी बदलायची, आणि प्रत्येक वेळी मी म्हणायचे, की माझ्यामुळे तुझी झोपमोड होते गं. ती कधी 'हं' म्हणायची, कधी काहीच बोलायची नाही. मला वाटायचे, दमली असेल. आई पडद्यावर म्हणाली, की साध्या सर्दीसाठी सगळ्यांना उगीच घोर लावला. तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले, रिमोट उचलला, तेवढे एकच वाक्य मागे नेऊन मला पुन्हा ऐकवले, आणि चित्रपट तसाच थांबवून चहा टाकायला आत निघून गेली.